रक्तातली वही आणि दवाखान्यातली वही

हिवतापाच्या गोळ्या आपल्यापैकी पुष्कळांनी घेतल्या असतील. आरोग्यसेवक दारात येतो, बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतो, आणि त्यात जंतू निघाले की गोळ्यांची पुडी हातात ठेवतो. पहिल्या तीन दिवसांच्या गोळ्या ताप उतरवितात. पण हिवतापाचा जो व्हायवॅक्स नावाचा प्रकार आहे, त्याची खोड अशी, की ताप उतरला तरी त्याचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी, पुन्हा उठतात. त्यांना तिथेच गाठण्यासाठी आणखी एक गोळी चौदा दिवस घ्यावी लागते. तिचे नाव प्रायमाक्विन. गोळी चांगली आहे. असंख्य लोकांना तिने उलटणाऱ्या तापातून सोडविले आहे. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकून कोणी हातातली पुडी केरात टाकावी असे मला मुळीच वाटत नाही.

पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी काही वर्षे डॉक्टरकी केली. एका पावसाळ्याच्या अखेरीस पस्तिशीतला एक शेतमजूर ताप घेऊन आला. रक्तात व्हायवॅक्स निघाला. मी नेहमीप्रमाणे लिहून दिले : तीन दिवस क्लोरोक्विन, चौदा दिवस प्रायमाक्विन. चौथ्या दिवशी त्याची आई आणि बायको त्याला भाड्याच्या जीपमधून घेऊन परत आल्या. डोळे पिवळे, ओठ पांढरेफटक, दोन पावले चालला की धाप. बायकोने शहाणपणाने त्याची लघवी एका बाटलीत भरून आणली होती. तिचा रंग कोऱ्या चहासारखा काळपट होता.

गोळी बंद केली, त्याला जिल्ह्याच्या गावी पाठविले, तिथे रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या आणि माणूस वाचला. मला शंका होती ती मी चिठ्ठीत लिहिली होती; त्याप्रमाणे रक्ताची एक खास तपासणीही झाली. निकाल आला : 'प्राकृत'. म्हणजे दोष नाही. मी तो कागद वाचला, हुश्श केले आणि फाईल मिटली.

पंधरा दिवसांनी त्याची आई काही दुसऱ्याच कामाने दवाखान्यात आली. जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हा जन्मला तवाबी असाच पिवळा पडला होता जी. पेटीतल्या दुपट्यात गुंडाळला होता. डांबरगोळीचा वास मारत होता त्याले."

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. जे मला कोणत्याही यंत्राने सांगितले नाही ते त्या बाईने एका वाक्यात सांगितले होते. आणि मी तिला ते पहिल्या दिवशी विचारलेच नव्हते. पुढे तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा केली. या वेळी दोष सापडला.

आता हे कोडे उलगडून सांगतो, म्हणजे आजचा विषय आपोआप उलगडेल. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. हवेतला प्राणवायू लोखंडाला लागला की ते गंजते, हे आपण विळ्या-कोयत्यांवर रोज पाहतो. तसाच एक प्रकारचा गंज पेशीलाही चढू पाहतो. तो चढू नये म्हणून पेशीत राखण असते. त्या राखणीचे काम ज्या विकरावर, म्हणजे पेशीतल्या कामकरी द्रव्यावर, अवलंबून असते त्याचे नाव जी-सिक्स-पीडी. काही माणसांत हे विकर जन्मतःच तोकडे असते. अशा माणसाला एरवी काही होत नाही. तो शेतात राबतो, लग्न करतो, नातवंडे खेळवितो. पण गंज वाढविणारी एखादी वस्तू शरीरात गेली की पेशी पटापट फुटतात, त्यांतला तांबडा रंग लघवीत उतरतो आणि डोळे पिवळे होतात. प्रायमाक्विन ही अशी एक वस्तू. कुष्ठरोगावरचे डॅप्सोन ही दुसरी. आणि आपण कपड्यांत ठेवतो त्या डांबरगोळ्या ही तिसरी. तान्ह्या मुलाच्या दुपट्याला त्यांचा वास लागलेला असला तर तेवढाही या मुलांना बाधू शकतो. घरात बाळंतीण असेल तर पेटीतले कपडे धुऊन, उन्हात टाकून मगच बाळाला वापरा. आणि डांबरगोळ्या त्या पेटीत न ठेवणेच उत्तम.

मग पहिली तपासणी 'प्राकृत' का आली? कारण साधे आहे. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. जुन्या होत जातात तसे त्यांच्यातले हे विकर घटत जाते. औषधाने आधी फुटल्या त्या जुन्या, दुबळ्या पेशी. मागे उरल्या त्या तरण्या, आणि त्यांच्यात विकर त्या मानाने बरे असते. शिवाय दोन बाटल्या परके रक्त चढलेले! तपासनिसाच्या नळीत जे रक्त गेले त्यात त्या मजुराचे किती आणि कोणा दात्याचे किती? कागद खोटा नव्हता. पण त्या कागदाशेजारी 'कालच रक्त चढविले आहे' ही ओळ ठेवून तो वाचायला हवा होता, आणि ती ओळ दुसऱ्याच कागदावर राहिली. मी दोन्ही कागद एकत्र ठेवून वाचले नाहीत, ही माझी चूक.

श्रोतेहो, प्रत्येक माणसाच्या दोन वह्या असतात असे समजा. एक त्याच्या रक्तात, किंबहुना त्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत लिहिलेली. आई-बापांकडून आलेली, सुमारे तीन अब्ज अक्षरांची. तिच्यातल्या एकेका अर्थपूर्ण मजकुराला जनुक म्हणतात. दुसरी वही दवाखान्यातली : कधी ताप आला, काय दिले, काय सोसले, काय बाधले, वजन किती, आईला काय झाले होते, मामाला काय झाले होते. आज जगभर ज्याला नेमका उपचार म्हणतात, म्हणजे सगळ्यांना एकच औषध न देता या माणसाला हेच आणि इतकेच देणे, त्याचे सारे मर्म या दोन वह्या शेजारी ठेवून वाचण्यात आहे. नुसत्या एका वहीने भागत नाही. वर्तमानपत्रांतून वाचून पुष्कळांना वाटते की रक्तातली वही वाचणारे यंत्र आले की डॉक्टरला विचारण्यासारखे काही उरणारच नाही. तसे होत नाही.

हे सुचले कसे, त्याची गोष्ट अमेरिकेतली आहे आणि ती फारशी सुखाची नाही. इलिनॉय संस्थानात जोलिएट गावाजवळ स्टेटव्हिल नावाचा तुरुंग होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ पासून, शिकागो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तिथल्या कैद्यांना मुद्दाम हिवताप देऊन औषधांचे प्रयोग चालविले. कैद्यांनी संमती दिली होती असे म्हणतात. पण कोंडलेल्या माणसाच्या संमतीला कितपत संमती म्हणावे हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत विचारला जातो. ते असो. प्रायमाक्विन दिल्यावर बहुतेक कैद्यांना काही झाले नाही. पण काहींची, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या काही कैद्यांची, लघवी काळी झाली. औषध तेच, मात्रा तीच, तुरुंगातले जेवणही तेच. मग फरक कुठला?

डॉ. आल्विंग यांच्या हाताखालच्या मंडळींनी, त्यांत अर्नेस्ट ब्यूटलर हे तरुण डॉक्टर होते, एक सुरेख युक्ती केली. ज्याला औषध बाधते त्या माणसाच्या तांबड्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण लावून त्या निरोगी माणसाच्या शरीरात घातल्या, आणि त्याला प्रायमाक्विन दिले. खुणेच्या पेशी फुटल्या. मग उलट केले : निरोगी माणसाच्या पेशी बाधणाऱ्या माणसात घातल्या. त्या शाबूत राहिल्या. म्हणजे दोष यकृतात नाही, मूत्रपिंडात नाही, पेशीतच आहे! १९५६ साली त्याच मंडळींनी त्या पेशीत कोणते विकर उणे आहे ते दाखविले. १९५७ साली आर्नो मोटुल्स्की यांनी लेख लिहून सांगितले, की औषध बाधणे ही काही वेळा निव्वळ दैवगती नसून वंशपरंपरेची गोष्ट असते. आणि १९५९ साली जर्मनीतल्या फ्रीडरिश फोगेल यांनी या अभ्यासाला औषध-आनुवंशिकी या अर्थाचे नाव दिले.

आता कोणी म्हणेल, दोष सापडला, प्रश्न मिटला. पण तुरुंगातल्या त्या कैद्यांचा दोष सौम्य जातीचा होता. त्यांच्या तरण्या पेशी टिकून राहत आणि रक्त पुढे भरून येई. भूमध्य समुद्राच्या काठी आणि आपल्याकडे जो एक प्रकार आढळतो तो याहून कडक असतो. जोलिएटचा अनुभव जशाच्या तसा मुंबईला किंवा गडचिरोलीला लावला तर तो अंगाशी येईल. १९६० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या संशोधकांनी पारशी समाजात या विकाराची नोंद केली. पुढे १९८० च्या दशकात एका कोळी कुटुंबात सापडलेल्या प्रकाराला 'कल्याण' हे आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या गावाचे नाव मिळाले. दूर दक्षिणेत सापडलेल्या एका प्रकाराला 'केरळ' असे नाव आधीच होते. दोन नावे, दोन कागद. पुढे प्रत्यक्ष जनुकाची अक्षरे वाचली तेव्हा कळले, की दोघांत तेच एक अक्षर बदललेले आहे! कल्याण आणि केरळ एकच निघाले. रक्तातली वही वाचण्याचा हा मोठा फायदा. ती नावाने फसत नाही, आणि काल रक्त चढविले म्हणून तिच्यातला मूळ मजकूर बदलत नाही.

मग तीच तेवढी वाचू या की, असे म्हणाल. तर तिथेही अडते. हे जनुक ज्या गुणसूत्रावर असते ते पुरुषाला एकच मिळते, आणि ते आईकडून. म्हणून दोष असला तर पुरुषात तो उघड दिसतो. स्त्रीला तशी दोन मिळतात. तिच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एकच जागे असते आणि दुसरे निजते. कोणत्या पेशीत कोणते जागावे हे नशिबावर. म्हणून दोन बहिणींची जनुके अगदी सारखी, एक चांगले आणि एक सदोष, अशी असली तरी एकीच्या रक्तात विकर भरपूर आणि दुसरीच्या रक्तात तुटपुंजे असू शकते. वहीत दोघींपुढे एकच ओळ आहे. गोळी द्यायची की नाही हे ठरवायला त्या बाईचे रक्त प्रत्यक्ष मोजावे लागते, आणि तिला विचारावे लागते, "आई, पूर्वी कधी असे झाले होते का?"

आता दुसऱ्या एका विकाराकडे वळतो. त्याची माहिती नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट या भागांतल्या श्रोत्यांना नव्याने द्यायला नको. सिकलसेल. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी पहिल्यांदा त्याचे वर्णन छापले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो प्रथम सापडला. रक्तातल्या वहीत एक अक्षर बदलते, त्यामुळे तांबड्या रंगद्रव्यातला एक कण बदलतो, आणि प्राणवायू कमी झाला की गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. वाकड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडणारी कळ येते. एकच अक्षर, एकच आजार. मग सगळ्या रुग्णांचे हाल सारखे असायला हवेत की नाही? नसतात. एक मुलगा महिन्यातून दोनदा दवाखान्यात, आणि तोच दोष असलेली त्याची बहीण शाळेत कबड्डी खेळते. ज्या शिक्षकांच्या वर्गात अशी मुले आहेत त्यांनी हे पाहिलेच असेल.

या कोड्याचा पहिला धागा न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन या बालवैद्यांना मिळाला. त्यांच्या लक्षात आले, की सिकलसेलच्या मुलांना जन्मल्याबरोबर त्रास होत नाही. काही महिने गेले की सुरू होतो. १९४८ साली त्यांनी तर्क मांडला : पोटात असताना बाळाचे रंगद्रव्य वेगळे असते, जन्मानंतर ते हळूहळू बंद पडते आणि प्रौढ रंगद्रव्य येते, ते पोटातले रंगद्रव्य आहे तोवर मूल सुरक्षित राहते. हे निरीक्षण यंत्राचे नव्हते. मुले पाहणे, त्यांची वये लिहिणे, आणि कोणाला केव्हा काय झाले याचे टिपण ठेवणे, एवढेच. दवाखान्यातली वही.

तो तर्क साठ वर्षे थांबून राहिला असे नव्हे. काही मोठ्या माणसांतही ते बाळपणीचे रंगद्रव्य पुष्कळ शिल्लक असते, आणि त्यांचा आजार बहुधा सौम्य असतो, हे पुढे दिसून आले. पूर्व अरबस्तानात आणि भारतात अशी माणसे बरीच. पण ते बंद पडते कशाने, म्हणजे खटका कुठे आहे, हे कळत नव्हते. २००७-०८ च्या सुमारास पुष्कळ माणसांच्या दोन्ही वह्या एकत्र चाळल्या गेल्या. इटलीच्या सार्डिनिया बेटावर तर चार हजारांहून अधिक सामान्य लोकांनी आपले रक्त दिले. एका बाजूला प्रत्येकात बाळपणीचे रंगद्रव्य किती ते मोजले, दुसऱ्या बाजूला प्रत्येकाच्या वहीतली लाखो अक्षरे तपासली, आणि विचारले : ज्यांच्यात ते जास्त आहे त्यांची अक्षरे कुठे वेगळी आहेत? बोट एका जनुकावर जाऊन पडले. त्याचे नाव बीसीएल-इलेव्हन-ए. तोच खटका. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने अशा एका उपचाराला परवानगी दिली, ज्यात रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी बाहेर काढून, त्यांतला तो खटका निकामी करून, पेशी परत शरीरात सोडतात. बाळपणीचे रंगद्रव्य पुन्हा सुरू होते.

किंमत ऐका : अमेरिकेत सुमारे बावीस लाख डॉलर. मेळघाटातल्या मुलाला त्याचा आज काय उपयोग, असे आपण विचाराल, आणि ते विचारणे रास्तच आहे. पण त्याच धाग्यावरचे एक स्वस्त औषध आपल्याकडे मिळते. हायड्रॉक्सीयुरिया. तेही ते बाळपणीचे रंगद्रव्य वाढविते. १९९५ साली अमेरिका आणि कॅनडातल्या २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत कळा येण्याचे प्रमाण त्याने जवळजवळ निम्म्याने घटले. मात्र या औषधाची मात्रा वजनावरून ठरते, आणि मधून मधून रक्तातल्या पेशी मोजाव्या लागतात; त्या फार उतरल्या तर मात्रा कमी करावी लागते. म्हणजे पुन्हा वही आलीच. मागच्या वेळचे वजन आणि मागचा आकडा ज्याच्याजवळ नाही त्याला हे औषध नीट देताच येत नाही. मुलगा या दवाखान्यातून त्या दवाखान्यात गेला, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आई-बाप दुसऱ्या जिल्ह्यात गेले, आणि केसपेपर घरातल्या आढ्याला खोचलेला राहिला, की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आपल्या देशात रक्तातल्या वह्या वाचण्याचे काम आता मोठ्या प्रमाणावर झाले आहे. २०२० साली 'जीनोम इंडिया' हा उपक्रम सुरू झाला. देशभरातल्या ८३ लोकसमूहांतल्या सुमारे दहा हजार माणसांची संपूर्ण वही वाचली गेली, आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती फरिदाबादच्या जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना खुली करण्यात आली. त्या माणसांची उंची, वजन, रक्तातले घटक यांचीही नोंद घेतली आहे, हे फार चांगले झाले. कारण जगात आजवर असा अभ्यास झाला तो बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांवर. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा आपल्याला बसतो, पण काखेत ओढतो. सिकलसेलसाठी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिने ठरविले आहे. २०२१ पासून प्रत्येकाला चौदा अंकी 'आभा' क्रमांक काढण्याची सोय आहे, ज्याखाली वेगवेगळ्या दवाखान्यांतले कागद एकत्र राहू शकतील. सोय आहे, पण आरोग्यसेविकेने घाईत लिहिलेले वजन अंदाजाने लिहिलेले असेल, तर तो अंदाज चौदा अंकांखाली ठेवला म्हणून खरा होत नाही.

आता एका भीतीबद्दल बोलले पाहिजे. ग्रीस देशात ऑर्कोमेनोस नावाचे गाव आहे. तिथे सिकलसेल बराच होता, म्हणून डॉक्टरांनी गावाची तपासणी केली, कोण वाहक आहे ते प्रत्येकाला सांगितले, आणि समजावले की दोन वाहकांनी आपसांत लग्न टाळावे. हेतू किती चांगला! १९७० च्या दशकात त्या प्रयोगाचे फळ पाहिले तेव्हा कळले, की वाहकांना लग्नाच्या बाजारात कमी लेखले जाऊ लागले होते, काही जण आपण वाहक आहोत हे लपवीत होते, आणि वाहक-वाहक लग्ने काही त्यामुळे थांबली नव्हती. आपल्याकडे मुलगी दाखविण्याचे कार्यक्रम कसे होतात हे आपण जाणताच. कोणाच्या रक्तात काय आहे हे पारावर चर्चिले गेले तर तोटा बहुधा मुलीचाच होणार. म्हणून लक्षात ठेवा : वाहक म्हणजे रोगी नव्हे. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. आणि 'एक झाले, आता पुढची तीन सुटली' असे नसते. दर खेपेला फासा नव्याने पडतो. गणित शिकविणाऱ्या गुरुजींनी दोन नाणी घेऊन हे वर्गात करून दाखविले तर मुले ते कधी विसरणार नाहीत.

घरी एवढे करता येईल. केसपेपर फेकू नका. तापाच्या गोळ्या घेताना, विशेषतः त्या चौदा दिवसांच्या, लघवी काळपट झाली, डोळे पिवळे झाले, ओठ निळसर झाले, पोटात दुखू लागले, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. गरोदर बाई आणि तान्हे मूल यांना प्रायमाक्विन देत नाहीत, हे कोणी विसरले तर त्याला आठवण करून द्या. डॉक्टर असला तरी. आणि ज्याच्यात जी-सिक्स-पीडीचा दोष निघाला आहे त्याला प्रायमाक्विन मुळीच मिळणार नाही असेही नाही. आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे, डॉक्टरच्या देखरेखीखाली देण्याची एक पद्धत आहे. पण ते डॉक्टरने ठरवायचे, आणि त्यासाठी दोष आहे हे त्याला कळले पाहिजे.

आमच्या त्या शेतमजुराचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. तीन महिन्यांनी दोष सापडला तेव्हा मी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले, कोणती औषधे त्याला चालत नाहीत. त्याने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर डब्यात ठेवला. हा दोष आईकडून येतो, म्हणून मी त्याच्या बहिणीच्या मुलांना बोलावून घेतले. दोन मुलगे. धाकट्यात दोष निघाला, थोरल्यात नाही. बहीण म्हणाली, "मग शाळेत सांगू का गुरुजींले?" ती सांगायला गेली, आणि दुसऱ्याच दिवशी ते गुरुजी सायकल मारीत माझ्याकडे आले. त्यांनी विचारले, की हे हजेरीपटावर तांबड्या शाईने लिहून ठेवू का, म्हणजे शाळेत गोळ्यावाटप होते तेव्हा चूक व्हायला नको. मी म्हटले, हजेरीपट सगळा वर्ग पाहतो. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरोबर आहे. पण कुठे तरी लिहिलेच पाहिजे. माझी बदली झाली तर?" शेवटी आम्ही दोघांनी मिळून मुलाच्या आरोग्यकार्डावर ते लिहिले, कार्ड बंद पाकिटात घातले, पाकिटावर नुसते मुलाचे नाव आणि 'औषध देण्यापूर्वी उघडावे' एवढेच लिहिले, आणि ते मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवले. पुढच्या वर्षी त्या गुरुजींची खरोखरच बदली झाली. जाताना त्यांनी नव्या गुरुजींना कपाटाची किल्ली दिली, आणि कोणता खण ते बोटाने दाखविले.